स्वयंवादक डिजिटल पियानो आणि घरगुती नेटवर्कवरील संगीतसाठा : जोडणीचे स्वरूप व जतनाचे प्रश्न

गोषवारा

स्वयंवादक डिजिटल पियानो ध्वनी वाजवीत नाही, तो सूचना अमलात आणतो. त्यामुळे घरातील नेटवर्कवर ठेवलेल्या संगीतसाठ्याशी त्याची जोडणी ही ध्वनिवर्धक किंवा दूरचित्रवाणी संच जोडण्यापेक्षा मूलतः वेगळी ठरते. प्रस्तुत लेखात या जोडणीमागील तत्त्वे, उपलब्ध मार्ग आणि जुन्या वाद्यांबाबत येणाऱ्या अडचणी यांचे विवेचन केले असून घरी नोंदवलेल्या वादनाचे जतन हा त्यातील मध्यवर्ती प्रश्न मानला आहे.

बीजसंज्ञा : स्वयंवादक पियानो, मिडी, नेटवर्क साठवण, फाईल-सामायिकीकरण, वादनाचे जतन

प्रस्तावना

घरातील सर्व संगीत एका ठिकाणी साठवून ते प्रत्येक खोलीतील उपकरणाला उपलब्ध करून देणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. राउटरला जोडलेली एक छोटी पेटी, तीत एक किंवा अधिक हार्ड डिस्क, आणि त्यांवरील फोल्डर घरातील संगणक, भ्रमणध्वनी व दूरचित्रवाणी संच यांना खुले केलेले, असे या व्यवस्थेचे स्वरूप असते. व्यवहारात या पेटीला ‘नॅस’ म्हणतात. ज्या घरात स्वयंवादक पियानो आहे तेथील माणसांना साहजिकच वाटते की, पियानोही याच पेटीतून वाजावा. प्रत्यक्षात मात्र अनेकदा पियानोला पेटी दिसत नाही. दिसली तर फोल्डर रिकामे दिसते. आणि क्वचित एखादी फाईल सुरू झालीच तर ध्वनिवर्धकातून जुन्या मोडेमसारखा कर्कश आवाज येतो. हे तिन्ही अनुभव वरकरणी बिघाडाचे वाटत असले तरी त्यांमागे बहुधा बिघाड नसतो. पियानोला जे हवे आहे ते ‘गाणे’ नव्हे, एवढी एकच बाब ध्यानात न आल्यामुळे हा गोंधळ उद्भवतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. बाजारात ‘डिजिटल पियानो’ म्हणून जे वाद्य मिळते त्यात तारा नसतात. त्याचा स्वर इलेक्ट्रॉनिक असतो. प्रस्तुत लेखातील वाद्य ते नव्हे. येथे अभिप्रेत आहे तो खऱ्या तारांचा व हातोड्यांचा पियानो, ज्याच्या पट्ट्यांखाली विद्युतचुंबक बसवलेले असतात आणि संगणकीय सूचनांनुसार ते पट्ट्या हलवितात. वादक नसताना पट्ट्या आपोआप खाली-वर होताना पाहून लहान मुले पियानोच्या मागे कोण बसले आहे हे शोधू लागतात, तो हा पियानो होय.

कागदाच्या गुंडाळीपासून मिडीपर्यंत

पियानोला सूचना देऊन वाजविण्याची कल्पना संगणकापेक्षा बरीच जुनी आहे. एडविन वोटी यांनी १८९५ मध्ये डेट्रॉईट येथे ‘पियानोला’ तयार केला. हे कपाटासारखे यंत्र पियानोसमोर ठेवले जाई आणि भोके पाडलेल्या कागदी गुंडाळीनुसार त्याची लाकडी बोटे पट्ट्या दाबीत. भाता पायाने चालवावा लागे. १९०४ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील वेल्टे कंपनीने ‘वेल्टे-मिन्यों’ ही पद्धत आणली. तीत स्वरांबरोबर वादकाच्या आघाताचे कमीअधिक प्रमाण व पेडलचा वापर यांचीही नोंद केली जात असे. माहलर, ग्रीग, द्यबुसी यांच्यासारख्या रचनाकारांचे स्वतःचे वादन या गुंडाळ्यांवर आजही उपलब्ध आहे.

या इतिहासातील प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना म्हणजे १९०८ साली अमेरिकेतील बफेलो येथे झालेली उत्पादकांची बैठक. तोपर्यंत प्रत्येक कारखान्याची गुंडाळी वेगळी होती. एकाची दुसऱ्याच्या यंत्रावर चालत नसे. बफेलो येथे ८८ स्वरांची, सव्वाअकरा इंच रुंदीची आणि इंचाला ९ भोके या मापाची गुंडाळी सर्वमान्य झाली. कारखाने पुढे बंद पडले, परंतु त्या मापाच्या गुंडाळ्या आजही वाजू शकतात. याउलट, आपली खास पद्धत जपणाऱ्या यंत्रांच्या गुंडाळ्यांसाठी नेमके तेच यंत्र दुरुस्त करून ठेवावे लागते.

बफेलोतील समझोत्याचाच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अवतार म्हणजे ‘मिडी’ हे मानक. १९८३ मध्ये डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांशी बोलू लागली. दरम्यान १९७८ मध्ये ‘पियानोकॉर्डर’ हे कॅसेटवरून सूचना वाचणारे यंत्र येऊन गेले होते. पुढे यामाहाचा डिस्क्लाव्हिअर, तसेच कोणत्याही पियानोत नंतर बसविता येणाऱ्या पियानोडिस्क व क्यूआरएस यांच्या प्रणाली रूढ झाल्या. त्यांचे माध्यम प्रथम फ्लॉपी, नंतर सीडी, त्यानंतर अंतर्गत हार्ड डिस्क आणि शेवटी नेटवर्क असे बदलत गेले. सूचनांचे मूळ स्वरूप मात्र बव्हंशी तेच राहिले.

पियानोचा स्वर आकड्यांत का मावतो?

सारंगीचे किंवा व्हायोलिनचे वादन अशा रीतीने साठविता येत नाही, पियानोचे येते. याचे कारण वाद्याच्या रचनेत आहे. पियानोची पट्टी दाबली असता हातोडी तारेकडे फेकली जाते आणि तारेला लागण्यापूर्वीच ती पट्टीपासून सुटी होते. त्या क्षणानंतर वादकाच्या बोटाचा तिच्यावर ताबा उरत नाही. म्हणजेच एका स्वरापुरते वादकाच्या हाती प्रामुख्याने तीनच गोष्टी असतात : हातोडी केव्हा सुटली, किती वेगाने सुटली आणि पट्टी केव्हा सोडली. यांत पेडलची स्थिती मिळविली की वादनाची नोंद जवळजवळ पूर्ण होते. आपल्या परिचयाच्या हार्मोनियमशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. पेटीवर स्वराचा जोर भात्यावर अवलंबून असतो. पट्टी कितीही जोरात दाबली तरी त्यात फरक पडत नाही, आणि स्वर चालू असताना भात्याने तो फुगविता येतो. त्यामुळे केवळ पट्ट्यांची नोंद करून पेटीवादन पुन्हा उभे करता येणार नाही. मींड तर दोन्ही वाद्यांच्या आवाक्याबाहेरची.

मिडीमध्ये एक स्वर सुरू करण्याची सूचना तीन बाइटांची असते. पहिल्या बाइटात सूचनेचा प्रकार, दुसऱ्यात स्वराचा क्रमांक व तिसऱ्यात आघाताचा वेग असतो. स्वराच्या सूचनेत या वेगाला १ ते १२७ इतक्या पायऱ्या उपलब्ध असतात. पाच मिनिटांच्या रचनेत सेकंदाला सरासरी दहा स्वर धरले तर तीन हजार स्वर होतात. प्रत्येक स्वराच्या आरंभाची व शेवटाची सूचना, त्यांच्या वेळा आणि पेडलच्या नोंदी मिळून फाईल साधारण ३० ते ४० किलोबाइटांची होते. तेवढ्याच वेळेचे सीडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण सुमारे ५३ मेगाबाइट जागा घेते. हजारपटीहून अधिक असा हा फरक आहे. ७२० किलोबाइटांच्या जुन्या फ्लॉपीवर वीसेक रचना सहज मावत, त्या याचमुळे.

यातून नेटवर्कविषयी एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. ध्वनी किंवा चित्रपट वाजविताना माहितीचा अखंड प्रवाह लागतो. पियानोला तसा प्रवाह लागत नाही. संपूर्ण फाईल एका क्षणात वाद्याच्या स्मृतीत येते आणि पुढचे वादन वाद्य स्वतःच्या घड्याळानुसार करते. म्हणून वेगवान राउटर घेतल्याने पियानो अधिक चांगला वाजेल, ही समजूत निराधार आहे. विक्रेते ती दूर करण्याची घाई करीत नाहीत, हा भाग निराळा.

जोडणीचे मार्ग

वाद्याच्या वयानुसार जोडणीचे मार्ग ठरतात. ज्या वाद्यांना नेटवर्कचे अंग मुळीच नाही, पण मिडीचे पाच टाचण्यांचे गोल छिद्र आहे, त्यांच्यासाठी मध्ये एक लहान संगणक ठेवावा लागतो. २०१२ पासून मिळणारा रास्पबेरी पाय या कामास पुरेसा आहे. हा संगणक साठवणयंत्रातील फोल्डर उघडतो, फाईल वाचतो आणि एका साध्या यूएसबी-मिडी तारेने सूचना पियानोकडे पाठवितो. येथे वेळेचा सांभाळ वाद्याऐवजी संगणकाकडे जातो. मिडीच्या तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, म्हणजे एका स्वराच्या सूचनेस जवळपास एक मिलिसेकंद लागतो आणि दहा बोटांच्या स्वरसमूहातील पहिल्या व शेवटच्या सूचनेत सुमारे नऊ मिलिसेकंदांचे अंतर पडू शकते. कानाला ते सहसा जाणवत नाही.

दुसरा प्रकार, ज्यांच्या अंगी नेटवर्क आहे अशा वाद्यांचा. त्यांतही दोन पोटभेद संभवतात. काही वाद्ये दुसऱ्या यंत्रावरील सामायिक फोल्डर स्वतः उघडू शकतात. काही मात्र केवळ आपली अंतर्गत साठवण नेटवर्कवर इतरांना दाखवितात. अशा वेळी पियानो साठवणयंत्रातून फाईल मागवीत नाही, आपणच ती साठवणयंत्रातून पियानोत नेऊन ठेवायची असते. वाद्य घेतलेल्यांपैकी अनेकांची फसगत या एका भेदामुळे होते, म्हणून माहितीपुस्तिकेत प्रथम हीच गोष्ट शोधावी. अलीकडच्या वाद्यांत, उदाहरणार्थ यामाहाने २०१६ मध्ये आणलेल्या एन्स्पायर मालिकेत, टॅब्लेट किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून वाद्य चालविता येते. तरीही पडद्यावर पियानो दिसणे आणि पियानोला साठवणयंत्र दिसणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

ज्यांना यात पडायचे नाही त्यांनी पेनड्राइव्ह वापरावा. त्यात कमीपणा नाही.

अर्ध्या सेकंदाचा हिशेब

जोराने वाजविलेल्या स्वराची हातोडी तारेपर्यंत लवकर पोहोचते, हळुवार स्वराची उशिरा. पट्टी एकाच वेळी हलवूनही दोन्ही स्वर एकत्र ऐकू येत नाहीत. मनुष्य वादक हा फरक सवयीने सांभाळतो. यंत्राला तो सांभाळण्यासाठी पुढचा स्वर कोणता व किती जोराचा आहे हे आधी कळावे लागते. यास्तव डिस्क्लाव्हिअर बाहेरून आलेली प्रत्येक सूचना ५०० मिलिसेकंद रोखून धरतो आणि त्या अवधीत प्रत्येक चुंबकाला केव्हा हलवायचे याचा हिशेब करतो. हा विलंब सर्व स्वरांना समान असल्यामुळे एकट्या पियानोच्या वादनात तो लक्षात येत नाही. परंतु त्याच घरातील ध्वनिवर्धकावर नेटवर्कमधूनच वाद्यवृंदाची किंवा गायकाची साथ सुरू केली, तर पियानो अर्धा सेकंद मागे पडतो. यावर उपाय एकच : साथीच्या ध्वनीलाही तेवढाच विलंब द्यावा. बिनतारी ध्वनिवर्धकाचा स्वतःचा विलंब मात्र कमीजास्त होऊ शकतो, म्हणून साथीसाठी तारेने जोडलेला ध्वनिवर्धकच इष्ट होय.

ध्वनीत दडलेल्या सूचना

आरंभी उल्लेखिलेल्या कर्कश आवाजाचे रहस्य सीडीच्या काळात आहे. पियानोडिस्क व क्यूआरएस यांच्या सीडींवर एका ध्वनिमार्गिकेत साथीचे संगीत व दुसरीत पियानोच्या सूचना असत. या सूचना मोडेमप्रमाणे ध्वनीच्या रूपात लिहिलेल्या असत. पियानोतील नियंत्रक त्या ध्वनीतून सूचना परत वेगळ्या काढी. अशी सीडी संगणकात घालून तिची एमपीथ्री फाईल केली म्हणजे काय होते? एमपीथ्रीचे तत्त्वच असे आहे की, मानवी कानाला जाणवणार नाही तो भाग टाकून द्यावा. परंतु येथे ऐकणारा मानवी कान नसतो. कमी दर्जाच्या संकोचनात सूचनांचा आकार बिघडतो, स्वर गळतात किंवा अडकून राहतात. आवाजाची पातळी आपोआप समान करणाऱ्या सोयी, प्रतिध्वनी किंवा ‘बास’ वाढविणाऱ्या सोयी हेच करतात. तेव्हा अशा सीडी साठवणयंत्रात घेताना त्या कोणतीही हानी न करणाऱ्या स्वरूपात, म्हणजे वेव्ह किंवा फ्लॅक फाईल म्हणून घ्याव्यात आणि ध्वनी सुधारणाऱ्या सर्व सोयी बंद ठेवाव्यात.

कायद्याच्या दृष्टीने हा व्यवहार नवा नाही. गुंडाळी ही स्वरलिपीची ‘प्रत’ नव्हे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये दिला आणि त्यातून उद्भवलेल्या असंतोषानंतर १९०९ च्या कायद्यात यांत्रिक पुनरुत्पादनाच्या सक्तीच्या परवान्याची तरतूद आली. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठीच्या न्याय्य व्यवहाराला मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रयोजनार्थ केलेल्या इलेक्ट्रॉनिक साठवणीचाही त्यात उल्लेख आहे. आपल्या घरच्या वाद्यासाठी साठा करणे आणि तो इतरांना वाटणे यांतील सीमा मात्र पाळलीच पाहिजे.

एका घरातील अनुभव

अमेरिकेत अनेक वर्षे राहून परतलेल्या एका परिचित कुटुंबाच्या पुण्यातील घरी अशी जोडणी करून देण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. पियानो २००० नंतरच्या दशकातील, नेटवर्कची सोय असलेला आणि १२० व्होल्टवर चालणारा; त्यामुळे घरात शिरताच प्रथम दिसे तो त्याचा जाडजूड ट्रान्सफॉर्मर. कुटुंबाने नवे साठवणयंत्र घेतले होते. संगणकाला ते दिसे, पियानोला दिसत नसे.

कारण फाईल-सामायिकीकरणाच्या भाषेत होते. यंत्रे परस्परांचे फोल्डर उघडण्यासाठी एसएमबी हा संकेत वापरतात आणि त्या काळातील वाद्याला त्याची केवळ पहिली आवृत्ती अवगत होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू याच आवृत्तीच्या अंमलबजावणीतील त्रुटीतून जगभर पसरला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या नव्या आवृत्तीत ती आपोआप बसविणे थांबविले आणि लिनक्स यंत्रांवर हेच काम करणाऱ्या सांबा या सॉफ्टवेअरने २०१९ पासून ती मूळ मांडणीत बंद ठेवली. नवी यंत्रे जुन्या भाषेत बोलायला नकार देतात आणि जुना पियानो नवी शिकू शकत नाही. साठवणयंत्रात जुनी आवृत्ती पुन्हा सुरू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कुटुंबाची सर्व छायाचित्रे व बँकेची कागदपत्रे त्याच यंत्रात असताना पियानोसाठी घराचे दार उघडे टाकण्यासारखे ते होईल, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

म्हणून मध्यस्थ ठेवला. एक लहान संगणक साठवणयंत्रातील केवळ पियानोचे फोल्डर नव्या आवृत्तीतून वाचतो, तेही लिहिण्याचा अधिकार नसताना. आणि त्याची प्रत जुन्या आवृत्तीतून फक्त पियानोला दाखवितो. पियानो आणि हा संगणक यांच्यात थेट तार आहे. घराच्या उर्वरित नेटवर्कवर किंवा इंटरनेटवर पियानो येतच नाही. बिनतारी जोडणी टाळण्याचे आणखी एक कारण असे की, जुन्या वाद्यांना वाय-फायच्या आजच्या सुरक्षापद्धती बहुधा कळत नाहीत. दोन्ही टोकांना कायमचे पत्ते दिले. यानंतर फोल्डर दिसले, पण फाईलींच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हे आली. नावे देवनागरीत होती. ती रोमन अक्षरांत, आखूड आणि क्रमांकाने सुरू होणारी अशी बदलली, तेव्हा यादी पुरी उमटली. मराठी नावे साठवणयंत्रातील एका तक्त्यात क्रमांकासमोर लिहून ठेवली.

एवढा खटाटोप ज्यासाठी होता त्या फाईली विकत घेतलेल्या नव्हत्या. घरातील सासूबाई लहानपणी मुंबईत पियानो शिकल्या होत्या आणि अमेरिकेतील मुक्कामात त्यांनी या वाद्यावर आपले वादन फ्लॉपींवर नोंदवून ठेवले होते. त्या आता हयात नाहीत. चार फ्लॉपी होत्या. पुण्यातल्या दोन-तीन पावसाळ्यांत एकीच्या चकतीवर बुरशी धरली होती. उरलेल्या तिन्ही यूएसबीवर चालणाऱ्या फ्लॉपी-वाचकाने वाचल्या. काही फाईली निर्मात्याच्या स्वतःच्या रचनेत होत्या. त्या जशाच्या तशा जपून, शिवाय त्यांचे प्रमाण मिडीत रूपांतर करून वेगळ्या फोल्डरात ठेवल्या.

मूळ फाईल जशीच्या तशी ठेवण्याचा आग्रह येथे मुद्दाम नोंदवावासा वाटतो. काही वाद्ये आघाताचा वेग १२७ पायऱ्यांपेक्षा सूक्ष्मपणे नोंदवितात. यामाहाच्या वरच्या श्रेणीच्या वाद्यांत तो १०२४ पायऱ्यांत असतो आणि त्याचा जादा भाग वेगळ्या सूचनेत लिहिलेला असतो. पेडल अर्धे दाबले असता मधले आकडे येतात. सामान्य संपादन-सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडून पुन्हा जतन केली की अनोळखी सूचना गळून जाण्याचा धोका असतो. २०२० मध्ये प्रकाशित झालेल्या मिडी २.० मध्ये वेगासाठी १६ बिट आहेत, तथापि जुन्या नोंदीतून गेलेले त्यामुळे परत येत नाही. मूळ प्रती साठवणयंत्रात, एका वेगळ्या डिस्कवर आणि घराबाहेर एके ठिकाणी अशा तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. साठवणयंत्रातील जोडडिस्क ही दुसरी प्रत नव्हे, कारण चुकून पुसलेली फाईल दोन्हींवरून एकाच क्षणी पुसली जाते.

बुरशी लागलेल्या फ्लॉपीवर सहा रचना होत्या. त्यांपैकी एकीची प्रत घरातील जुन्या संगणकावर सापडली. काही वर्षांपूर्वी घरातील एका मुलाने हौसेने ती सॉफ्टवेअरमध्ये उघडून ‘ताल सरळ’ केला होता, म्हणजे प्रत्येक स्वर जवळच्या मात्रेवर नेऊन बसविला होता. पियानोवर ती रचना आता अचूक वाजते. ऐकताना घरातले म्हणाले की, डाव्या हाताआधी उजवा हात किंचित थांबायचा, ते यात नाही. त्या फाईलचे नाव आम्ही इतरांपेक्षा वेगळे ठेवले आहे आणि तक्त्यात तिच्यासमोर ‘बदललेली, मूळ उपलब्ध नाही’ अशी नोंद केली आहे. बुरशी लागलेली फ्लॉपी कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवली असून ती स्वच्छ करून वाचण्याचा प्रयत्न पावसाळा संपल्यावर करावयाचा आहे.